आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष नेमकं करतो काय?

१४ जून २०१७ रोजी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर घेतली. त्या दिवशी डब्लिनमध्ये गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. आधी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे 'डॉल'मध्ये, मतदान झालं. वराडकरांच्या बाजूने ५७, विरोधात ५० आणि तटस्थ ४७. मग नवे पंतप्रधान गाडीत बसून फिनिक्स पार्कमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेले. तिथे मायकल डी. हिगिन्स यांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली आणि पंतप्रधानपदाची मुद्रा त्यांच्या हाती दिली. शपथ नाही. आयर्लंडमध्ये पंतप्रधान शपथ घेतच नाही.

आता जरा हिशेब करा. हिगिन्स २०११ साली निवडून आले ते देशभरातून, पसंतीची मतं फिरवून झाल्यावर दहा लाखांच्या वर मतं घेऊन. वराडकर निवडून आले ते डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका मतदारसंघातून. तरी 'तुम्हाला पंतप्रधान नेमत नाही' असं म्हणायचा अधिकार दहा लाख मतंवाल्याला नव्हता. डॉलने नाव पाठवलं की सही करायची, एवढंच.

मग अख्ख्या देशाला रांगेत उभं करून हा माणूस निवडायचा तरी कशाला? आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे त्याच्याकडे स्वतःचा जनादेश नाही आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. आयर्लंडमध्ये जनादेश आहे, अधिकार नाहीत. निदान पहिल्यांदा वाचताना तसंच वाटतं.

हे पद १९३७च्या राज्यघटनेने आणलं. त्याआधी ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल असे. तेव्हाचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांनी नवी घटना जनतेपुढे मताला टाकली, लोकांनी ती स्वीकारली आणि त्या वर्षाच्या अखेरीस ती अमलात आली. युरोपात हुकूमशहांची चलती असलेले ते दिवस. साहजिकच विरोधकांना शंका आली, की लोकांनी थेट निवडलेला हा राष्ट्राध्यक्ष उद्या डोईजड झाला तर? म्हणून घटनेतच त्याचे हात बांधले गेले. पहिले राष्ट्राध्यक्ष झाले डग्लस हाइड. वय ७८, आयरिश भाषेचे अभ्यासक आणि कॅथलिक बहुसंख्य देशातले प्रोटेस्टंट. त्यांची निवड बिनविरोध झाली. डोईजड होण्यासारखं काही नव्हतं. १९३८च्या नोव्हेंबरात ते पोलंडविरुद्धचा फुटबॉल सामना बघायला गेले, तर देशी खेळांच्या संघटनेने 'परदेशी खेळाला हजेरी लावली' म्हणून त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं! राष्ट्राध्यक्ष काही करू शकत नाही ते नाहीच, सामना बघणंही महागात पडतं.

निवडणुकीचे नियम थोडक्यात असे. वय किमान ३५. मुदत सात वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. उभं राहायला संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या मिळून वीस सदस्यांचा पाठिंबा हवा, नाहीतर ३१ पैकी चार स्थानिक परिषदांचा. खरी चाळणी हीच. मोठ्या पक्षांनी आपसात एक नाव ठरवलं आणि इतर कुणाला वीस सह्या जमवू दिल्या नाहीत, की निवडणूकच होत नाही. १९५२, १९७४, १९७६, १९८३ आणि २००४ साली असंच झालं. डब्लिन, कॉर्क भागात आता मराठी माणसं बरीच आहेत, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. नागरिकत्व नसलं तरी तिथे राहणाऱ्याला स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. राष्ट्राध्यक्षासाठी मात्र आयरिश नागरिकत्व लागतं. उलट आयरिश नागरिक असून परदेशात स्थायिक झालेल्याला यात मत नाही.

मतपत्रिकेवर एकच फुली मारायची नसते, पसंतीक्रम लिहायचा असतो. १, २, ३ असा. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसतील तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. आपला राष्ट्रपतीही याच पद्धतीने निवडला जातो. आपल्याकडे आजवर एकदाच दुसऱ्या पसंतीची मतं मोजून निकाल लावावा लागला, १९६९ साली, तेव्हा व्ही. व्ही. गिरी जिंकले. हेच गिरी तरुणपणी, १९१३ ते १९१६, डब्लिनमध्ये कायदा शिकत होते. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं मात्र सरळ आयर्लंडच्या घटनेवरून घेतलेली आहेत, तो योगायोग नाही.

आता अधिकारांकडे येऊ. बहुतेक कामं सरकारच्या सल्ल्याने होतात: मंत्र्यांच्या नेमणुका, न्यायाधीशांच्या नेमणुका, शिक्षेतली माफी. सैन्याचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे आहे, पण प्रत्यक्ष हुकूम चालतो तो सरकारचा. विधेयकावर सही करायची तीही मुदतीत. कागद हाती आल्यापासून पाचव्या दिवसाच्या आधी नाही आणि सातव्या दिवसानंतर नाही. १९८६ साली ग्यानी झैलसिंग यांनी टपाल विधेयक सही न करता तसंच ठेवून दिलं होतं. आपल्या घटनेत मुदतच लिहिलेली नाही, त्यामुळे ते त्यांना जमलं. आयर्लंडमध्ये ही सोय नाही.

आणि पंतप्रधान निवडण्याचं म्हणाल, तर तिथे आपल्याकडच्या राज्यपालांसारखा प्रश्नच उद्भवत नाही. सर्वात मोठ्या पक्षाला बोलवायचं की आघाडीला, पाठिंब्याची पत्रं खरी मानायची की नाही, हे काही राष्ट्राध्यक्षाने ठरवायचं नसतं. २३ नोव्हेंबर २०१९चा राजभवनातला पहाटेचा शपथविधी आठवा. आधी शपथ, मग 'बहुमत सिद्ध करा', मग सर्वोच्च न्यायालय, मग राजीनामा. आयर्लंडमध्ये क्रम उलटा आहे. आधी सभागृहात मतदान, मग नेमणूक. त्यामुळे पहाटे उठून कुणी काही करायची गरज पडत नाही. फेब्रुवारी २०२०च्या निवडणुकीनंतर कुणालाच बहुमत जमेना. वराडकरांनी राष्ट्राध्यक्षांकडे राजीनामा दिला आणि चार महिने काळजीवाहू म्हणून काम पाहिलं. ऐन कोविडमध्ये. जूनच्या अखेरीस नवं सरकार बसलं. त्या सगळ्या काळात हिगिन्स यांनी पक्षनेत्यांना बोलावून काही जुळवाजुळव करावी अशी अपेक्षा कुणी केली नाही, आणि त्यांनी ती केलीही नाही. मला विचाराल तर त्यांच्या घटनेतली आपण उचलायला हवी होती अशी एखादी गोष्ट असेल, तर ती हीच.

तरीही काही अधिकार असे आहेत की जिथे राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या मर्जीने वागू शकतो. त्यातले तीन महत्त्वाचे. एक, विधेयक घटनेला धरून आहे की नाही हे तपासायला ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवणं. दोन, वरिष्ठ सभागृहाचं बहुमत आणि डॉलचे एक तृतीयांश सदस्य यांनी मिळून अर्ज केला, तर विधेयक जनतेच्या कौलासाठी ठेवणं. हे आजवर एकदाही झालेलं नाही. तीन, ज्या पंतप्रधानाच्या मागे बहुमत उरलेलं नाही त्याने डॉल बरखास्त करायला सांगितलं, तर नकार देणं. हाही नकार आजवर कुणी दिलेला नाही.

या तिन्हींत एक समान धागा आहे, आणि हे पद समजून घ्यायचं तर तोच धरायला हवा. राष्ट्राध्यक्ष कुठेही स्वतः निकाल देत नाही. निकाल कुणी द्यायचा तेवढं ठरवतो. पहिल्यात प्रश्न न्यायालयाकडे जातो, दुसऱ्यात जनतेकडे, तिसऱ्यात परत सभागृहाकडे. मैदानावरचा पंच हवेत चौकोन काढतो आणि पुढचं थर्ड अंपायर बघतो, तसंच हे. कायदा चांगला की वाईट हे सांगायचा हक्क त्याला नाही. 'एकदा तपासून घ्या' म्हणायचा आहे.

न्यायालयाकडे पाठवण्याआधी 'कौन्सिल ऑफ स्टेट' या सल्लागार मंडळाला बोलवावं लागतं. त्यात आजी-माजी पंतप्रधान, सरन्यायाधीश, माजी राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्षाने स्वतः निवडलेले सात जणांपर्यंत सदस्य असतात. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, पण ते मानायलाच हवं असं नाही. सरकारच्या कर-खर्चाच्या विधेयकांना हा मार्ग लागू नाही. आणि यात एक मोठी मेख आहे. राष्ट्राध्यक्षाने पाठवलेलं विधेयक न्यायालयाने वैध ठरवलं, तर तो कायदा घटनेविरुद्ध आहे असं पुढे कुणालाच, कधीच म्हणता येत नाही. दार कायमचं बंद. विधेयक कागदावर निर्दोष दिसतं, त्यातली खोट दहा वर्षांनी एखाद्या माणसाच्या प्रकरणात उघडी पडते. तेव्हा त्या माणसाला न्यायालयात जायची वाट मोकळी हवी असेल, तर राष्ट्राध्यक्षाने आज हात आखडता घेतलेलाच बरा. म्हणूनच जवळजवळ नव्वद वर्षांत हा अधिकार वीस वेळासुद्धा वापरला गेलेला नाही.

याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे इथे मृत्यू झाला. गर्भ आपोआप पडत असल्याचं दिसत असूनही, पोटातल्या बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांना गर्भपात नाकारला गेला होता. देश ढवळून निघाला. पुढच्या वर्षी आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला मुभा देणारा कायदा आला. हिगिन्स यांनी जुलै २०१३ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटची बैठक बोलावली, चर्चा केली, विधेयक न्यायालयाकडे न पाठवता सही केली. कारण सांगण्याचं बंधन राष्ट्राध्यक्षावर नसतं. पाठवलं असतं आणि वैध ठरलं असतं, तर तो कायदा न्यायालयात आव्हान देण्यापलीकडे गेला असता, मग आव्हान देणारा या बाजूचा असो वा त्या. २०१८ साली लोकांनीच घटनेतली गर्भपातबंदी कौल घेऊन काढून टाकली.

पाठवण्याची किंमत काय पडू शकते हे १९७६ साली दिसलं. जुलैमध्ये डब्लिनजवळ ब्रिटिश राजदूताची गाडी सुरुंगाने उडवण्यात आली, राजदूत ठार झाले. लियाम कॉसग्रेव्ह यांच्या सरकारने आणीबाणीचं विधेयक आणलं. संशयिताला सात दिवस अटकेत ठेवण्याचा अधिकार त्यात होता. राष्ट्राध्यक्ष होते कॅरूल ओ डाली, पूर्वीचे सरन्यायाधीश. कायद्यातला माणूस, त्यामुळे शंका येणारच. त्यांनी विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं. न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण निकालात हेही लिहिलं की अटकेतल्या माणसाचा वकील मिळण्याचा, डॉक्टर मिळण्याचा, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क या कायद्याने हिरावला जात नाही. म्हणजे पाठवण्याचा उपयोग झालाच. १६ ऑक्टोबरला ओ डालींनी सही केली, आणि त्याच दिवशी बॉम्बच्या सापळ्यात एक तरुण पोलीस मारला गेला.

दोन दिवसांनी संरक्षणमंत्री पॅडी डोनेगन मलिंगर गावच्या लष्करी बराकीत नव्या स्वयंपाकघराच्या उद्घाटनाला गेले. समोर गणवेशातले अधिकारी बसलेले. तिथे भाषणात त्यांनी राष्ट्राध्यक्षांना 'थंडरिंग डिसग्रेस' म्हटलं, म्हणजे शुद्ध कलंक. आणि पुढे म्हणाले, सैन्याने राज्याच्या मागे उभं राहिलं पाहिजे. खरा घाव या दुसऱ्या वाक्यात होता. ओ डालींनी मंत्र्यांना पत्रातून हेच विचारलं: ही दोन वाक्यं लागोपाठ ऐकली तर राष्ट्राध्यक्ष राज्याच्या मागे उभा नाही, याखेरीज दुसरा काय अर्थ निघतो? ज्या सैन्याचे ते सर्वोच्च सेनापती, त्याच सैन्यासमोर हे बोललं गेलं होतं. डोनेगन यांनी माफी मागितली, राजीनामाही देऊ केला. कॉसग्रेव्ह यांनी तो घेतला नाही. डॉलमध्ये मंत्र्याविरुद्धचा ठराव ६३ विरुद्ध ५८ मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९७६ला, ओ डालींनी पद सोडलं. स्वतःची सचोटी दाखवून देण्यासाठी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पदाचं स्वातंत्र्य आणि इभ्रत राखण्यासाठी जातो आहे, असं त्यांनी कळवलं.

या प्रकरणात नियम कुणीच मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. पाठवण्याचा अधिकार घटनेत आहे. मंत्र्याला न काढण्याचा अधिकारही पंतप्रधानाकडे आहे. पण राष्ट्राध्यक्षाला टीकेला उत्तर देता येत नाही, पत्रकार परिषद घेऊन बाजू मांडता येत नाही. समोरचा तोंड सुटल्यासारखा बोलत असताना त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, खुर्ची सोडणं.

दुसरी गोष्ट नकाराची. २७ जानेवारी १९८२ला गॅरेट फिट्झजेराल्ड यांचं सरकार अर्थसंकल्पावर पडलं, तेही लहान मुलांचे कपडे आणि बुटांवरच्या कराच्या वादात. मुलांच्या बुटांना सूट दिली तर छोट्या पावलांच्या बायका तेच बूट घेऊन कर चुकवतील, असा युक्तिवाद तेव्हा झाल्याचं अजून सांगतात. पंतप्रधान बरखास्ती मागायला रात्री राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्याकडे निघाले. इकडे विरोधी पक्षातून हिलरींना फोनवर फोन. बरखास्ती नाकारा, निवडणुकीशिवाय आमचे नेते चार्ल्स हॉही सरकार बनवतील. हिलरी याच पक्षाचे जुने मंत्री. त्यांनी एकही फोन घेतला नाही आणि बरखास्ती दिली. गंमत अशी, की हॉही ती निवडणूक लढवून पंतप्रधान झालेच.

त्या फोनची किंमत वसूल झाली आठ वर्षांनी. १९९०च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हॉहींच्याच पक्षाचे ब्रायन लेनिहन सर्वांत पुढे होते. त्या रात्री तुम्ही फोन केला होता का, असं त्यांना दूरचित्रवाणीवर विचारलं गेलं. नाही, म्हणाले. पण काही महिन्यांपूर्वी एका संशोधक विद्यार्थ्याला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी 'हो' म्हटलं होतं, आणि ती ध्वनिफीत बाहेर आली. हॉहींनी स्वतःच्या या जुन्या मित्राला मंत्रिमंडळातून काढलं. तरीही पहिल्या पसंतीची मतं लेनिहन यांनाच जास्त पडली, ४४ टक्के. मेरी रॉबिन्सन ३९वर. तिसरा उमेदवार बाद झाला, त्याची मतं वाटली गेली आणि रॉबिन्सन निवडून आल्या. ज्या अधिकाराचा वापर कधी झालाच नाही, त्याच्याभोवती केलेल्या नुसत्या फोनाफोनीने एक निवडणूक फिरली.

रॉबिन्सन यांनी या पदाचा तिसराच उपयोग दाखवला. अधिकार कलमांत नाही तर नाही, हजेरीत आहे. देश सोडून गेलेल्यांसाठी त्यांनी निवासस्थानाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम दिवा तेवत ठेवला. १९९३ साली ब्रिटनच्या राणीला भेटणाऱ्या त्या पहिल्या आयरिश राष्ट्राध्यक्ष ठरल्या आणि त्याच वर्षी बेलफास्टला जाऊन त्यांनी आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडल्या गेलेल्या सिन फेन पक्षाच्या जेरी अॅडम्सशी हात मिळवला, त्यावर दोन्हीकडून टीका झाली. पण लगाम होताच. सरकारच्या संमतीशिवाय राष्ट्राध्यक्षाला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. १९९१ साली बीबीसीवरचं एक मानाचं व्याख्यान द्यायला हॉही सरकारने त्यांना परवानगी नाकारली. राष्ट्राला किंवा संसदेला उद्देशून औपचारिक संदेश द्यायचा तरी मजकूर आधी सरकारला दाखवावा लागतो. रोजची भाषणं या नियमात बसत नाहीत, आणि हिगिन्स यांनी याच फटीचा भरपूर फायदा घेतला. २०२२ साली देशातल्या घरटंचाईला त्यांनी जाहीरपणे मोठं अपयश म्हटलं. सरकार चरफडलं, पण करणार काय? राष्ट्राध्यक्षाला हटवायचं तर महाभियोग, तोही एका सभागृहाने दोन तृतीयांश मतांनी आरोप ठेवून आणि दुसऱ्याने चौकशी करून. भाषणासाठी एवढं कुणी करत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅथरीन कॉनोली सुमारे ६३ टक्के मतं घेऊन निवडून आल्या. अपक्ष, डाव्या विचारांच्या, विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर. समोर सत्तेतल्या पक्षाचा उमेदवार होता. त्याच मतदानात बाद मतांचं प्रमाणही कधी नव्हे इतकं वाढलं. नामांकनाच्या चाळणीमुळे आपल्या मनातला उमेदवार मतपत्रिकेवर आलाच नाही, असा अनेकांचा राग होता.

कॉनोली प्रचारात तटस्थतेबद्दल आग्रहाने बोलल्या. आयर्लंड नाटोत नाही, आणि बारापेक्षा जास्त सैनिक मोहिमेवर परदेशी पाठवायचे तर सरकार, डॉल आणि संयुक्त राष्ट्रं अशा तिघांची मंजुरी लागते. यातली संयुक्त राष्ट्रांची अट काढायचा सरकारचा विचार आहे. तसं विधेयक मंजूर होऊन सहीसाठी आलं, तर नव्या राष्ट्राध्यक्षांकडे सात दिवस असतील. हे धोरण चुकीचं आहे या कारणाने त्यांना ते अडवता येणार नाही. घटनेच्या मुद्द्यावर शंका असेल तर कौन्सिल ऑफ स्टेटला बोलावून न्यायालयाकडे पाठवता येईल, न्यायालय ६० दिवसांत निकाल देईल, आणि तो 'वैध' असा आला तर मतं मागताना ज्याच्या विरोधात त्या बोलल्या त्याच कायद्यावर त्यांना सही करावी लागेल.